आई थोडा वेळ बाहेर बसेल

व्हिएन्ना, ऑक्टोबर १९००. बर्गगासे नावाचा उताराचा रस्ता आणि त्यावरची १९ नंबरची इमारत. खाली खाटकाचं दुकान आहे. त्याच्या शेजारच्या दारातून तू आत शिरतेस. अंगात घोट्यापर्यंतचा जाड झगा, मानेला टोचणारी उंच कॉलर. आज तू इडा बाउअर आहेस. १ नोव्हेंबरला तुला अठरा वर्षं पूर्ण होतील. वडिलांच्या कापड गिरण्या आहेत. मोठा भाऊ ऑटो हुशार आहे, पुढे तो ऑस्ट्रियाचा परराष्ट्रमंत्री होणार आहे. तुला मात्र कितीतरी दिवस खोकला आहे. मध्येच आवाज बसतो आणि आठवडेच्या आठवडे परत येत नाही. तुझ्या टेबलात घरच्यांना एक निरोपाची चिठ्ठी सापडली, त्यानंतर एकदा तू चक्कर येऊन पडलीस, आणि वडिलांनी ठरवलं की आता डॉ. सिग्मंड फ्रॉइडकडे न्यायचंच. तुझी इच्छा नव्हती. तरी घरात ठरलं.

हे डॉक्टर तुला नवीन नाहीत. दोन वर्षांपूर्वी याच खोकल्यासाठी तू त्यांच्यापुढे बसली होतीस. त्यांनी तेव्हाच उपचार सुचवले होते, पण खोकला आपोआप थांबला आणि विषय राहून गेला. वडील त्यांचे जुने पेशंट. त्यामुळे तुझी सगळी हकिकत डॉक्टरांच्या कानावर आधीच गेली आहे, वडिलांच्या तोंडून.

आत गालिचा पसरलेला एक कोच आहे. तू त्यावर आडवी होतेस. डॉक्टर तुझ्या डोक्यामागे खुर्चीत बसतात, म्हणजे तुला ते दिसत नाहीत. सिगारचा वास येतो आणि आवाज येतो. छताकडे बघत बोलायचं, मनात येईल ते. रविवार सोडून रोज एक तास.

तू तळ्याकाठच्या त्या दिवसाबद्दल बोलतेस. वडिलांचा जवळचा मित्र, ज्याच्या घरी तुमचं कायम येणंजाणं, त्याने तुला नको ते सुचवलं. तू त्याच्या थोबाडीत मारलीस आणि निघून आलीस. पुढे आईला सांगितलंस. वडिलांनी मित्राला जाब विचारला, त्याने साफ नाकारलं. पोरगी नको ती पुस्तकं वाचते आणि मनाने रचते, असं म्हणाला. वडिलांनी ते मानलं. मानणं त्यांच्या सोयीचंही होतं, कारण त्याच मित्राच्या बायकोशी त्यांचं प्रकरण चालू होतं. आता डॉक्टरांकडे सोपवताना त्यांनी एवढंच सांगितलंय, हिला जरा ताळ्यावर आणा.

आणि इथे एक चांगली गोष्ट घडते. डॉक्टर तुझ्यावर विश्वास ठेवतात. असा प्रसंग खरोखर घडला होता, हे त्यांना पटतं. तुझ्या घरातलं दुसरं कुणी एवढंही करायला तयार नव्हतं, त्यामुळे तुला बरं वाटतं, क्षणभर छाती मोकळी होते. पण डॉक्टर तिथे थांबत नाहीत. त्यांचं म्हणणं असं की त्या माणसावर तुझं मनातून प्रेम आहे आणि ते तू दाबून टाकलं आहेस. तू नाही म्हणालीस की तो नकार त्यांना होकारासारखाच वाटतो. तू दोन स्वप्नं सांगतेस, ते एकेक धागा उसवतात, आणि शेवटी निघतं ते त्यांना आधीपासून माहीत असलेलंच. अकरा आठवडे हे चालतं. ३१ डिसेंबरला तू आत येतेस आणि सांगतेस, आजचा दिवस शेवटचा. पंधरा दिवसांपूर्वीच ठरवलं होतं.

पुढचं तुला माहीत असायला हवं. काही महिन्यांनी इडा वडिलांच्या त्या मित्राच्या घरी गेली. त्यांचं मूल गेलं होतं, त्या निमित्ताने भेटायला गेली आणि तिथे तिने त्या दोघांना समोरासमोर विचारलं. तळ्याकाठी जे घडलं ते त्या माणसाने कबूल केलं. ती घरी आली आणि वडिलांना तसं सांगितलं. एप्रिल १९०२ मध्ये फ्रॉइडना भेटून तिने हेही त्यांच्या कानावर घातलं. फ्रॉइडनी १९०५ मध्ये तिची केस 'डोरा' या नावाने छापली. जगभर मानसशास्त्राचे विद्यार्थी ती आजही वाचतात. एका मुलीचं बोलणं रोज एक तास ऐकून घ्यायचं ही पद्धत त्यांनी घालून दिली, त्याचं श्रेय त्यांचंच. पण माझ्या लेखी त्या खोलीतली सर्वांत शहाणी व्यक्ती कोचावर होती. आपल्याला नेमकं काय हवंय हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझं खरं माना, एवढंच तिचं मागणं होतं. ते तिला कुणी विचारलं नाही.

तुला इथे आणायचं कारण सांगते. तू लातूरची, म्हणजे मूळची उदगीरची, अकरावी सायन्स, नीटसाठी लातूरच्या हॉस्टेलवर. उद्या सकाळी साडेदहाला तुझी पहिली अपॉइंटमेंट आहे. दर रविवारच्या टेस्टच्या सकाळी पोटात मुरडा येतो, तळहात गार पडतात, श्वास पुरत नाही. मागच्या वेळी फिजिक्सचे प्रश्न डोळ्यांपुढे असताना तू वीस मिनिटांत हॉलबाहेर आलीस. पोटाच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, त्यात काही नव्हतं. मग त्यांनी पेन खाली ठेवून विचारलं, "रात्री झोप लागते का गं?" आणि तुला रडू आलं. त्यांनीच चिठ्ठीवर दुसरं नाव लिहून दिलं. आईने वॉर्डनला सांगितलंय की पोटाचंच दाखवायचंय. आत्याला तर काहीच सांगितलं नाही.

तुझ्या मनात उद्याचं चित्र असं आहे की चिठ्ठीवरच्या त्या मॅडम आईकडून सगळं ऐकून घेतील, मान हलवतील आणि मग तुला समजावतील. हे चित्र १९०० सालचं आहे. उद्याची खोली तिथून फार लांब आहे आणि मधला रस्ता तू पाहावास असं मला वाटतं.

आता ठाणे, १९१२. इथलं वेड्यांचं इस्पितळ १९०१ पासून उभं आहे. उंच भिंती, मोठं आवार, फाटक. त्या काळी मन बिघडलं तर आपल्याकडे जायला सरकारी दार होतं ते असं. इंग्रज सरकारने यंदा ल्युनसी अॅक्ट आणला आहे. त्यानुसार नातेवाईक मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करतात, सोबत दोन डॉक्टरांचे दाखले जोडतात, मॅजिस्ट्रेट हुकूम काढतो आणि माणूस आत जातो. प्रश्न एकच असतो, आत ठेवायचं की नाही. अभ्यासाला बसल्यावर छाती धडधडते, मैत्रिणींशी बोलावंसं वाटत नाही, असल्या दुखण्यासाठी या व्यवस्थेत जागाच नाही. हा कायदा १९८७ चा नवा कायदा येईपर्यंत टिकला. तुझी आजी तेव्हा ऐन उमेदीत होती. म्हणून 'हिला ठाण्याला न्या', 'येरवड्याला पाठवा' ही वाक्यं तिच्या पिढीच्या तोंडात थट्टेसारखी येतात आणि पोटात भीतीसारखी राहतात. आई वॉर्डनशी खोटं बोलली ते याच भीतीपोटी. तिच्यावर रागावू नकोस. त्याच ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णींनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था सुरू केली आणि आज कितीतरी घरं मनाबद्दल बोलायला आपणहून ठाण्याची वाट धरतात. पण शहराचं नाव धुऊन निघायला वेळ लागतो.

मुंबई, १९३७. भायखळ्याजवळचा नागपाडा. गिरणी कामगारांच्या आणि गोदी कामगारांच्या वस्त्यांमध्ये नागपाडा नेबरहूड हाउस नावाचं एक केंद्र आहे, अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी उभं केलेलं. तिथेच मागच्या वर्षी सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं, ज्याला आज आपण टिस म्हणतो. आणि यंदा या स्कूलने मुलांसाठी चाइल्ड गायडन्स क्लिनिक काढलं आहे. इथे भिंत नाही, हुकूम नाही. तू सकाळी येतेस आणि दुपारी घरी जातेस. या पद्धतीच्या क्लिनिकमध्ये तुझ्याकडे तिघे बघतात. डॉक्टर प्रकृती बघतो, सायकॉलॉजिस्ट तुझ्याकडून कोडी सोडवून घेतो, आणि सोशल वर्कर तुझ्या घरी येते. घर केवढं आहे, किती माणसं झोपतात, बाप कोणत्या पाळीला जातो, दिवा कुणाच्या उशाशी असतो, हे ती विचारते. मुलाला काय झालंय हे समजायचं तर मुलाभोवती काय आहे ते पाहावं लागतं, ही समज या टप्प्यावर आली. उद्या तुला हॉस्टेलची खोली, मेस, मार्कांचा तक्ता भिंतीवर लागतो का, असलं काहीबाही विचारतील. ते तिथून आलं आहे.

साधारण त्याच काळात अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरला एक तरुण सायकॉलॉजिस्ट अशाच मुलांच्या केंद्रात काम करत होता, कार्ल रॉजर्स. या खोलीत आपण दारापाशीच उभं राहू. एका द्वाड मुलाची आई त्याच्यासमोर बसली आहे. रॉजर्सला कारण आधीच उमगलं आहे. मुलगा लहान असताना आईने त्याला झिडकारलं, त्याची ही फळं. किती तरी भेटी तो हळुवारपणे तिला हे दाखवायचा प्रयत्न करतोय आणि काहीही हलत नाही. शेवटी तो म्हणतो, आपण दोघांनी प्रयत्न केला, जमत नाही, थांबूया. ती मान्य करते, हात मिळवते, दारापर्यंत जाते. मग वळते आणि विचारते, "तुम्ही इथे मोठ्या माणसांनाही बघता का?" तो हो म्हणतो. ती परत येऊन खुर्चीत बसते आणि आपल्या संसाराचं दुःख सांगायला लागते. इतक्या भेटींत जे तिने सांगितलं नव्हतं ते सगळं. रॉजर्सने ही आठवण पुढे स्वतः लिहून ठेवली. कुठे दुखतंय, कोणत्या बाजूने जायचं, कोणता अनुभव खोल गाडला गेलाय, हे समोरच्या माणसालाच ठाऊक असतं, हे तो तिथे शिकला. १९४२ च्या त्याच्या पुस्तकात या विचारावर उभी असलेली उपचारपद्धती आहे.

इडाने ३१ डिसेंबरला दार लावून घेतलं. ही बाई दारातून परत वळली. फरक पडला तो रॉजर्स गप्प झाल्यामुळे.

आता उद्या.

सकाळचे सव्वादहा, लातूर. मेडिकलच्या दुकानाच्या वरचा मजला. जिना अरुंद आहे, पाटीवर 'समुपदेशन व मानसोपचार' लिहिलंय आणि आई ती पाटी वाचताना पदर सावरते. आत चार-सहा खुर्च्या आहेत. एका खुर्चीत तुझ्या वयाचा एक मुलगा कानात इअरफोन घालून बसलाय, शेजारी एक आजोबा आहेत. तुला वाटतं, कुणी ओळखीचं दिसलं तर? दिसलंच, तर तेही इथेच आलेले असतील.

रिसेप्शनवरची ताई फॉर्म देते. नाव, वय, कॉलेज, कुणी पाठवलं. झोप, भूक, पाळी नियमित आहे का, कुठली गोळी चालू आहे का, घरात आधी कुणाला असा त्रास झालाय का. शेवटचा प्रश्न आईला खटकेल. तिला तिचा मामा आठवेल, ज्याच्याबद्दल घरात बोलत नाहीत. तिला वेळ दे.

दुसरा कागद बहुधा फक्त तुझ्यासाठी असेल. पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली २००१ पासून जगभर वापरतात, किशोरवयीनांसाठी तिचं थोडं बदललेलं रूपही आहे. नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दलचे. कशात रस वाटत नाही, असं किती दिवस झालं? अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. खूण करायची. नववा प्रश्न जगण्या-मरण्याच्या विचारांबद्दल आहे. तो वाचून घाबरू नकोस आणि आई शेजारी आहे म्हणून 'अजिबात नाही'वर घाईने टिकही करू नकोस. आडोशाला बसून भरायचा असेल तर ताईला तसं सांग, ती जागा देईल. तुला नीटची सवय आहे म्हणून सांगते, यात निगेटिव्ह मार्किंग नाही आणि पास-नापासही नाही. हा कागद बघून मॅडम बोलायला सुरुवात करतात, निकाल लावत नाहीत.

मग तुमचं नाव पुकारलं जातं आणि दोघी आत जाता.

कोच नाही. दोन-तीन खुर्च्या आहेत, पाण्याची बाटली, कागदी रुमालांचा डबा, भिंतीवर घड्याळ. मॅडम समोर बसल्या आहेत, दिसतात अशा. आधी विचारतात, "तुला काय म्हणून हाक मारतात घरी?" मग आईकडे वळतात. आई तयारीच करून आली आहे. "मॅडम, ही आधी अशी नव्हती हो. दहावीला चौऱ्याण्णव टक्के. आता एकदम काय झालंय…" तुला खोलीत कुठेतरी लपावंसं वाटेल. आई पाच-सात मिनिटं बोलेल. बोलू दे. त्यात तुला माहीत नसलेलंही काही असेल. तू जन्मलीस तेव्हाचं, बाबांची बदली झाली तेव्हाचं.

मग मॅडम म्हणतील, "काकू, तुमचं मला पुन्हा ऐकायचंय, शेवटी आपण तिघी बोलू. आत्ता थोडा वेळ हिच्याशी एकटीशी बोलते."

आई उठेल. पर्स खांद्याला लावून दारात थबकेल, तुझ्याकडे बघेल. आणि बाहेर जाऊन बसेल.

इथे मला तुला थोडं थांबवायचंय. आई बाहेर जाते ही पाच सेकंदांची गोष्ट आहे, पण ती इथपर्यंत यायला शंभर वर्षं लागली. व्हिएन्नाला बाप म्हणाला तेच कारण होतं. ठाण्याच्या कचेरीत अर्ज नातेवाइकांचा होता. आज समोरची बाई तुझ्याकडे बघून विचारणार आहे की तुला काय वाटतं, तू का आलीस. पहिल्या भेटीतलं बाकी काही विसरलीस तरी चालेल, हा प्रश्न आला की खरं बोल. 'आईने आणलं' हेही खरं उत्तर आहे. 'मला यायचं नव्हतं' हेही. 'माहीत नाही' हेसुद्धा. मॅडम त्यावरून पुढे जातील.

त्याआधी त्या तुला गोपनीयतेचं सांगतील. नाही सांगितलं तर तू विचार. इथे बोललेलं इथेच राहतं, आईला काय सांगायचं ते आपण दोघी मिळून ठरवू, असा त्याचा साधारण अर्थ. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, जो २९ मे २०१८ पासून लागू आहे, ही गोपनीयता म्हणजे रुग्णाचा हक्क मानला आहे. तरी तिला हद्द आहे आणि ती तुला पहिल्याच दिवशी नीट कळायला हवी. तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं, किंवा तुझ्याकडून दुसऱ्या कुणाला धोका आहे असं वाटलं, तर मॅडम गप्प बसणार नाहीत. यातल्या दुसऱ्या अपवादामागे एका मुलीचा जीव आहे. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठात एका तरुणाने आपल्या थेरपिस्टला सांगितलं होतं की तो एका मुलीला मारणार आहे. थेरपिस्टने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवलं, त्यांनी तरुणाला विचारपूस करून सोडून दिलं. मुलीला कुणीच सावध केलं नाही. ती गेली. खटला चालला आणि १९७६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की धोक्यात असलेल्या व्यक्तीचं रक्षण करणं हेही थेरपिस्टचं कर्तव्य आहे. जगभरच्या दवाखान्यांत या निकालाचा दाखला देतात.

आणखी एक हद्द खास आपल्याकडची, तुझ्या वयाची. अठरा वर्षांखालच्या मुलामुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्याला कळेल त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे, असं २०१२ चा पॉक्सो कायदा सांगतो. मॅडमनाही तो लागू आहे. हे मी तुला गप्प बसवण्यासाठी सांगत नाही. उलट, इडासारखं काही तुझ्या वाट्याला आलं असेल तर ते सांग. फक्त सांगण्याआधी विचार की यानंतर काय होईल, कोण सोबत येईल, मला काय काय सांगावं लागेल. त्या पायरी-पायरीने समजावतील. जिथे तुझं ऐकल्यावर कुणीतरी उठून पुढचं काही करतं, अशी खोली इडाला मिळाली नव्हती.

बाकी पाऊण तास कसा जातो ते कळत नाही. कधीपासून होतंय, दिवस कसा जातो, जेवतेस काय, मोबाइल रात्री किती वाजेपर्यंत, मैत्रीण कोण, भांडण कुणाशी, पेपर समोर आला की पहिला विचार कोणता येतो. त्या वहीत काही लिहीत असतील. काय लिहिताय असं विचारायला हरकत नाही. रडू आलं तर रडावं, डबा त्यासाठीच आहे. शब्द सापडेना म्हणून दोन मिनिटं नुसतंच घड्याळ वाजत राहिलं तरी मॅडम ते भरून काढायची घाई करणार नाहीत. रॉजर्सच्या दारापाशी आपण हेच पाहिलं.

पेपरच्या वेळी तुझ्या शरीरात काय घडतं हे त्या कदाचित कागदावर काढून दाखवतील. धोका दिसला की शरीर पळायची तयारी करतं, हृदय जोरात चालतं, पोटाचं काम बाजूला पडतं, म्हणून मुरडा. शरीराला वाघ आणि फिजिक्सचा पेपर यातला फरक त्या घटकेला कळत नाही. हे ऐकून पोट लगेच थांबणार नाही. पण आपण वेडे होत नाही आहोत हे कळणं, ते हलकेपण मी इतक्या मुलांच्या चेहऱ्यावर बघितलं आहे की त्याबद्दल मला शंका नाही.

काही गोष्टी उद्या बहुतेक होणार नाहीत. आजाराचं नाव पहिल्याच भेटीत मिळेल असं नाही, मॅडम दोन-तीन भेटी मागतील. त्या हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या म्हणू शकतात, कारण थकवा आणि धडधड तिथूनही येते. गोळ्यांचं म्हणशील तर आधी त्या कोण आहेत हे विचारून घे. सायकिअॅट्रिस्ट हे एमबीबीएस करून पुढे मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर असतात, ते औषध लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट एम.फिल. वगैरे शिकलेले, रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी असलेले असतात, ते औषध देत नाहीत, लागलं तर सायकिअॅट्रिस्टकडे पाठवतात. काउन्सेलर ही पाटी मात्र कमी-जास्त शिकलेली बरीच माणसं लावतात. तेव्हा शिक्षण काय, किती मुलांसोबत काम केलंय, हे विचारणं तुझा आणि आईचा हक्क आहे. चांगल्या माणसाला याचा राग येत नाही. ज्याला येतो तिथून मी तरी उठून येईन. आणि सिनेमातल्या शॉकची भीती असेल तर हे ऐक. २०१७ चाच कायदा सांगतो की भूल दिल्याशिवाय शॉक कुणालाच द्यायचा नाही, आणि अठरा वर्षांखाली तर पालकांची संमती आणि मंडळाची आगाऊ परवानगी असल्याशिवाय नाहीच नाही. उद्याच्या खोलीत त्याचा विषयही निघणार नाही.

शेवटची दहा मिनिटं आई परत आत येते. काय सांगायचं ते तुम्ही दोघींनी ठरवलेलं असतं. बहुधा एवढंच, की पोट खरंच दुखतं, ती नाटक करत नाही, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटू. मॅडम कदाचित घरी करायला काही देतील. पेपरच्या आदल्या रात्री मनात येणारं वाक्य वहीत लिहून ठेव, असं काहीतरी.

बाहेर पडल्यावर दमल्यासारखं होईल. दुपारचा क्लास बुडवून झोपलीस तरी चालेल. कुणाला हलकं वाटतं, कुणाला उकरल्यासारखं वाटतं, दोन्ही होतं. पहिल्या भेटीत मन जुळलं नाही तर दुसरी-तिसरी भेट दे. तरीही नाहीच जुळलं, तुझ्यावर कुणी विश्वासच ठेवत नाहीये असं वाटलं, तर आईला सांगून दुसऱ्यांकडे जा. इडा अकरा आठवड्यांनी उठली, तू त्याआधी उठू शकतेस. फक्त उठल्यावर घरी बसू नकोस.

आज रात्री झोपण्याआधी वहीच्या मागच्या पानावर दोन-तीन गोष्टी लिहून ठेव. आत गेल्यावर आठवत नाहीत. केव्हा सुरू झालं, सर्वांत वाईट दिवस कोणता होता, आणि आईसमोर काय बोलायचं नाही. शेवटची नोंद मॅडमना आधी दाखव.

आणि उद्यापर्यंत थांबणं जड जायला लागलं, रात्री दोनला जरी, तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर लाव. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट. पलीकडचं माणूस मराठीत बोलतं.